चोविसाव्या ठोक्यानंतर

बडोद्यात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये तो पहिल्या दिवशी आला, तेव्हा मी त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोललो होतो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना मी पहिल्यापासून शहाणा होतो असं वाटेल, आणि तो मी नव्हतो.

उंच, काळाभोर, डोक्यावर बारीक कुरळे केस. वाघोडियाच्या बाजूला कॉलेजं वाढल्यापासून आफ्रिकेतली मुलं-मुली बडोद्यात दिसायला लागली होती. लहरीपुऱ्याच्या बाजारात शर्टाचा भाव करायची, रिक्षात पाच-पाच जण दाटीवाटीने बसायची. मला वाटलं, हा त्यातलाच. आता कॉलेज सोडून ड्रिल मशीनवर का आलाय, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी बोटाने ड्रिल दाखवलं आणि म्हणालो, "यू, धिस, होल." सातवी पास माणसाचं इंग्रजी तिथे संपलं. त्याने मान हलवून नीट ऐकून घेतलं आणि मग अशा अस्सल गुजरातीत, जी बडोद्यात एवढी वर्षं काढूनही माझ्या जिभेला वळत नाही, विचारलं की भाई, ह्या मशीनचं गार ठेवायचं पाणी कोण बदलतं, वास मारतोय.

अख्खी शेड हसली. मीही हसलो, पण ओशाळून. आणि ओशाळलेला माणूस करतो तेच केलं, आणखी एक चूक. विचारलं, कहाँ से?

तो म्हणाला, भरूचकडचं एक गाव.

नाही, म्हणजे मूळचे?

मूळचंही तेच.

आणि त्याच्या आधी?

त्याने ड्रिलचं हँडल खाली ओढलं, भोक पाडलं, बुरादा फुंकला. "एनी पहेलां? मारी बाना पेटमां." त्याच्या आधी आईच्या पोटात होतो.

तिथून आमची मैत्री झाली. अशा बोलण्यावरून कशी काय झाली ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्या दिवशी दुपारी मी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याच्यापुढे सरकवली आणि माफी बिफी न मागता नुसता बसून राहिलो, म्हणून असेल. जेवता जेवता त्यानेच सांगितलं. ते सिद्दी. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांच्या पूर्वजांना समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून, जहाजांत घालून ह्या किनाऱ्यावर आणलं. ते कुठून आले, त्यांची भाषा कोणती होती, हे आता घरात कुणालाच ठाऊक नाही. घरात गुजराती, भांडण गुजरातीत, स्वप्नं पण गुजरातीत. पण स्टेशनवर पोलीस पासपोर्ट मागतो. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं होतं, तुझ्या देशात चहा मिळतो का. त्याचे काका-मामा मोरपिसं बांधून हॉटेलांत धमाल, म्हणजे त्यांचा पिढीजात नाच, करायला जातात, ढोल वाजवतात, नाचतात, डोक्यावर नारळ फोडतात. लोक फोटो काढतात आणि मग विचारतात, कुठल्या देशाचे?

हे सगळं तो हसत सांगायचा. आपला त्रास गमतीत सांगायची त्याची पद्धत होती. माझी पद्धत उलटी, मी कुठलाच त्रास सांगत नाही, नुसता घाबरत राहतो.

घाबरायचं कारण सांगायला हवं. मी परभणीकडचा. वडील गेले त्या वर्षी शाळा सुटली आणि दोनेक वर्षांत मी चुलत भावाच्या मागे बडोद्याला आलो. आमच्या घरी हलगी होती. गावात लग्न असो, जत्रा असो, मयत असो, वडील पुढे आणि हलगी त्यांच्या डाव्या हातात. ज्यांना हलगी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हाताएवढी गोल कडी, तिच्यावर ताणलेलं कातडं, एक जाड टिपरू आणि एक बारीक काडी. वाजली की पोटात धडधडतं. पण आमच्या गावात हलगी कोण वाजवतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हलगी म्हटलं की तुमची गल्ली कळते, पाणवठा कळतो, तुम्ही दारात कुठपर्यंत यायचं ते कळतं. वडिलांची हलगी मी गोणपाटात गुंडाळून बडोद्याला आणली आणि घराच्या माळ्यावर टाकली. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, वर ते गोल काय आहे? मी म्हणालो, चाळण. एवढी मोठी? हो, आमच्याकडे मोठीच असते. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन दिवस तिच्या नजरेला नजर दिली नाही.

इथे लोक त्याला विचारत, कुठून आलास. मला विचारत, आडनाव काय. दोन्ही प्रश्न प्रेमाने विचारले जात.

सर्वांत प्रेमाने विचारलं ते बाईंनी. बाई म्हणजे दांडिया बाजारात राहणाऱ्या निवृत्त संगीत शिक्षिका. त्यांचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, घरात पुस्तकंच पुस्तकं, आणि दिवाणखान्यात एक जुना हिंचका, म्हणजे झोपाळा. त्याची एक कडी झिजली होती. आमच्या शेठनी मला पाठवलं, जा, मराठी बेन आहेत, तुझ्याशी पटेल. बाईंची तक्रार कडी झिजल्याची नव्हती. हिंचका करकरतो तो धड कोमल गंधारात नाही आणि धड शुद्धही नाही, त्यामुळे त्यांना सकाळी रियाजाला बसवत नाही, अशी होती. मी माप घेतलं, लेथवर नवी पिन आणि बुश करून बसवली. हिंचका गप्प झाला. बाई खूश झाल्या, चहा आणला, खारी दिली आणि म्हणाल्या, आडनाव काय म्हणालास?

मी काहीच म्हणालो नव्हतो. मी गावाचं नाव सांगितलं.

"गाव नाही रे, आडनाव."

मी खिशातली जुनी पिन जाणूनबुजून खाली टाकली आणि ती शोधायला हिंचक्याखाली शिरलो. बराच वेळ सापडली नाही. बाहेर आलो तोवर चहा निवला होता आणि बाई दुसऱ्याच विषयावर गेल्या होत्या. पण पुढे मी त्यांच्याकडे जात राहिलो. कधी नळाचा वॉशर, कधी खिडकीची बिजागरी. गेलो की त्या खाऊ घालत, वाचायला काहीतरी देत आणि पुढच्या खेपेला विचारत, वाचलंस का. शाळा सुटल्यावर मला असं कुणी विचारलं नव्हतं. त्या घरात मला फार बरं वाटायचं, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी पायरी चढताना वाटायचं, आज परत विचारतील.

आता कामाचं थोडं सांगतो, त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

मी पॉवर प्रेसवर. डाव्या हाताने पट्टी ठेवायची, पायाने पेडल दाबायचं, धाड, उजव्या हाताने पीस उचलून शेजारच्या ट्रेमध्ये. ट्रेला चोवीस खाचा. चोविसावा पीस बसला की कोपराने ट्रे पुढे ढकलायचा, तो घसरत ड्रिलपाशी जातो, आणि मोकळा ट्रे हाताशी येतो. तेवढा एक ठोका प्रेस गप्प. मग परत एक ते चोवीस. दिवसभर. ड्रिलवर तो बसलेला असायचा. माझा ट्रे त्याच्याकडे जायचा.

आणि तो गायचा. माझ्या प्रेसच्या ठोक्यांवर, तोंडातल्या तोंडात. मला सुरुवातीला वाटायचं, धमालीतलं काही असेल. हळूहळू शब्द कानावर पडायला लागले.

मने पूछे, तुं क्यांनो, भाई तुं क्यांनो?
जे कूवे तुं पाणी पीधुं, हुं पण त्यांनो.

मला विचारतोस कुठला, ज्या विहिरीचं पाणी तू प्यालास तिथलाच मीही. हातातला पीस हातातच राहिला. त्याने मान वर करून बघितलं, प्रेस का थांबली म्हणून. मी परत पेडल दाबलं. पुढे काही महिने त्या गाण्याला एकेक कडवं फुटत गेलं.

दादाना दादा दरिये आव्या, वहाणे कोने पूछ्युं?
आ ज माटीए मारा बापनुं मोढुं लूछ्युं.

जहाजाने कुणाला विचारलं होतं, येतोस का म्हणून? ह्याच मातीने माझ्या बापाचं तोंड पुसलं. त्यात पासपोर्टवाला पोलीस आला, टपरीवरचा चहा आला. एका कडव्यात मी पण आलो, बोटाने ड्रिल दाखवणारा. त्या ओळीला सगळी शेड हसायची आणि मी ट्रे जरा जोरात ढकलायचो.

बाईंना मी हे सहज सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, घेऊन ये त्याला. गुरुवारी आमची सुट्टी असते. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, दारातच बाईंनी त्याच्याशी गुजरातीत सुरुवात केली आणि एकदाही विचारलं नाही की कुठला. मला वाटतं मी आदल्या खेपेलाच त्यांना हात जोडून सांगून ठेवलं होतं म्हणून. गाणं ऐकून बाई हिंचक्यावरून उठल्या. आतून टॅब्लेट घेऊन आल्या.

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने परदेशातून त्यांना एक पत्र पाठवलं होतं. तिकडे गाण्यांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत होती, कुठल्याही देशातून, कुठल्याही भाषेतलं गाणं चालत होतं, आणि त्या वर्षी त्यांनी विषयच दिला होता, वंश आणि ओळख. अट एकच, गाणं सलग एका दमात गायलेलं हवं. चित्र आणि आवाज एकत्र, मध्ये कापाकापी नको, मागून काही चिकटवायचं नाही.

तो लगेच हो म्हणाला नाही. खारीचा तुकडा चहात बुडवून धरला आणि विरघळेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग म्हणाला, पाठवीन, पण मोरपिसं नाहीत. आणि आमचा ढोलही नाही. ढोल वाजला की लोक डोळे मिटतात आणि जंगल बघतात. मला एकदा, फक्त एकदा, असं गायचंय की ऐकून कुणी विचारणार नाही की हा कुठला. गाणं कसं आहे ते विचारावं. बस.

मग ताल कशावर? बाईंनी विचारलं.

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "आ छे ने."

हा आहे ना, म्हणजे माझी प्रेस म्हणत होता तो. पण प्रेसच्या आवाजात गाणं ऐकू आलं नसतं, सगळ्यांनाच कळत होतं. बाई म्हणाल्या, तबलजी मिळेल. तो म्हणाला, तबला गोड आहे, मला लोखंडासारखं काहीतरी हवं, जे मी दिवसभर ऐकतो तसं. आणि मी, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं, बोलून बसलो की माझ्याकडे एक आहे. काय आहे? मी म्हणालो, चाळणीसारखं असतं.

घरी आलो तर झोप नाही. चार आठवडे होते. दर गुरुवारी तो बाईंकडे जायचा आणि बाई त्याचं गाणं तालात बसवायच्या. गाणं चांगलं आहे, पण मध्येच लंगडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते लंगडणं काढलं. आठ मात्रांच्या ठेक्यात सरळ, गुळगुळीत बसवलं. तो हुशार, लगेच शिकला. मी जायचो पण हलगी न्यायचो नाही, मांडीवर बोटांनी धरायचो. कातडं उन्हात तापवायला हवं, गोणपाट शिवायला हवं, काहीतरी निमित्त. शेवटी तारीख अशी आली की एकच गुरुवार उरला. त्या दिवशी रेकॉर्डिंग आणि संध्याकाळच्या आत पाठवणं. शेठनी शेडची चावी दिली, अट एवढीच की जमीन झाडून ठेवायची.

सकाळी मी माळ्याखाली उभा. बायकोने स्टुलावर चढून हलगी खाली काढली, गोणपाट सोडलं, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "घ्या. आणि आता चाळण म्हणायचं बंद करा."

शेडच्या मागे मी खोक्यांचे पुठ्ठे पेटवले आणि हलगी आचेवर फिरवायला लागलो. कातडं गार असलं की भदभद वाजतं, तापलं की आवाज चढतो. वडील असेच उकिडवे बसायचे. मी वाकून कान लावत होतो, तेवढ्यात मागे रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या. पांढरी साडी, खांद्याला तंबोऱ्याची इलेक्ट्रिक पेटी. त्या आगीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी उकिडवा, हलगी हातात, वर बघायची हिंमत नाही. त्यांनी हलगीकडे बघितलं. हलगी कुणाची असते हे कळायला बाईंना पुस्तकात बघावं लागलं नसतं. त्या म्हणाल्या, अजून किती वेळ लागेल? मी म्हणालो, दोन मिनिटं. त्या आत गेल्या.

मला हे कळेना की आता काय झालं. मी हलगी परत आचेवर धरली.

तो ड्रिल मशीनला टेकून उभा राहिला, रोजच्याच निळ्या शर्टात. मी प्रेसशेजारच्या स्टुलावर. बाईंनी मोबाईल पत्र्याच्या कपाटावर टेकवला, दोघे चौकटीत येतो का बघितलं, आणि बोट उचललं.

सुरुवात बरी झाली. हलगी शेडमध्ये अशी घुमली की पत्रे बोलायला लागले. तो गायला लागला. आणि एक कडवं संपतं न संपतं तोच माझा हात थांबला. एक ठोका गेला. परत चालू झाला. बाईंनी मान हलवली, थांबवलं. होतं असं, म्हणाल्या. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी ठरवून मोजायला लागलो, तर ठोकाही गेला आणि लयही गेली, तो बिचारा पुढे, मी मागे. बाहेर ऊन चढत होतं, हलगी निवायला लागली होती. मी परत पुठ्ठे पेटवले. चौथ्यांदाही.

त्याच्या तोंडावर राग नव्हता. तेच मला सहन होईना. एवढ्या महिन्यांचं गाणं, एवढे प्रश्न पोटात घेऊन बांधलेलं, आणि ते माझ्या हातात येऊन फुटत होतं. मी म्हणालो, तबलजीला बोलवा, अजून वेळ आहे. खरंतर वेळ नव्हता.

बाईंनी मोबाईल उचलला आणि चारही खेपा परत बघितल्या, डोळे बारीक करून, बोटांवर मोजत. मग माझ्याकडे वळल्या. "चोवीस झाले की काय होतं रे तुला? प्रत्येक वेळी चोविसाव्यानंतर तालात भोक पडतंय. आणि हा कोपर का उडतोय?"

मी बघितलं. खरंच. चोविसावा ठोका, आणि माझा उजवा कोपर बाहेर, एखाद्याला ढुशी द्यावी तसा. चारही वेळा.

त्याने वाकून बघितलं. आधी एक आवाज आला, शिंक यावी तसा. मग तो ड्रिलचा खांब धरून खाली बसला आणि हसतच सुटला. बाईंना कळेना. त्याला बोलता येईना. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "बेन, ए ट्रे धकेले छे."

तो ट्रे ढकलतोय.

मी त्यांना सांगितलं, चोवीस खाचा, कोपर, सगळं. प्रेसवर बसून करून दाखवलं. बाई पण हसल्या, तोंडावर पदर धरून, खांदे गदगदा हलेपर्यंत. आणि मग एकदम थांबल्या. त्याला म्हणाल्या, हे गाणं तू इथे बसून रचलंस ना? ह्याच्या प्रेसवर? आधी म्हणून दाखव बरं, मी हात लावायच्या आधी जसं होतं तसं.

त्याने म्हटलं. मी हलगी हलक्या हाताने धरली. चोविसाव्यानंतर माझा कोपर उडाला, ठोका गेला, आणि बरोबर तिथेच त्याने श्वास घेतला. ट्रे आल्यावर तो रोज घ्यायचा तसा. भोकात भोक बसलं.

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, हेच लंगडणं मी चार आठवडे बसून काढलं. मग त्या दोघांचं गुजरातीत बोलणं झालं, भराभर, मला अर्धंच समजलं. तो म्हणाला, जागा रिकामी नको, तिथे मी तो प्रश्न टाकतो, गाऊन नाही, नुसता विचारून, लोक विचारतात तसा. क्यांनो? आणि मग परत गाणं. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू मोजू नकोस. काम करतोस तसं कर."

पुठ्ठे संपले होते. बाईंनी पिशवीतून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढून दिलं.

पाचव्यांदा मी डोळे प्रेसवर ठेवले, डायवर, म्हणजे साच्यावर, जिथे रोज असतात तिथे. चोवीस, कोपर, शांतता. "क्यांनो?" चोवीस, कोपर. "क्यांनो?" पोलिसाच्या आवाजात, टपरीवाल्याच्या आवाजात, आणि एकदा माझ्या आवाजात, तोंडात इंग्रजी अडकलेल्या. मला हसू आलं ते त्या चित्रात दिसतं. हलगी आता अशी लागली होती की वडील कुठेतरी मागे उभे आहेत असं वाटत होतं, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. शेवटचं कडवं संपलं. चोवीस. कोपर. शांतता. आणि त्या शांततेत तो माझ्याकडे वळला. हे ठरलेलं नव्हतं. तो म्हणाला, "ने तुं, भाई? तुं क्यांनो?"

मोबाईल चालू होता. सलग, एका दमात, कापाकापी नाही. मी थांबलो असतो तर गाणं गेलं असतं.

"हलगीवाल्याचा," मी म्हणालो. मराठीतच. आणि टिपरू मारलं.

त्याने शेवटची ओळ गायली, विहिरीची, दोनदा, आणि दुसऱ्यांदा जे गायलं ते आम्ही चार आठवड्यांत कधीच ऐकलं नव्हतं. मग मी हात ठेवला. पत्रे जरा वेळ घुमत राहिले. बाईंनी बटण दाबलं आणि मोबाईल कपाटावरून खाली घेतला.

मी वाट बघत होतो, कशाची ते मला ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, वडिलांची का ही? मी हो म्हणालो. किती वर्षं माळ्यावर होती? मी सांगितलं. त्यांनी मला असं झापलं, असं झापलं, की त्यांच्या वर्गातल्या मुलीने वाद्य असं ठेवलं असतं तर तिला वर्गाबाहेर काढलं असतं, कातड्याला बुरशी धरली असती म्हणजे, उन्हाळ्यात तडा गेला असता म्हणजे. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि आतून इतका हलका झालो होतो की उठून नाचावंसं वाटत होतं. तो मात्र खरंच नाचत होता, झाडलेल्या जमिनीवर, धमालीतली पावलं टाकत, मोरपिसांशिवाय.

पोळ्या-भाजी खाऊन आम्ही फॉर्म भरायला बसलो. तिथे एक रकाना आला. वंश. खाली यादी, आफ्रिकी, आशियाई, आणखी बरेच. एकावरच खूण करायची. त्याने दोन्हींवर करून बघितली, पहिली पुसली जायची. "बेन, बे पर नथी थती?" नाही होत. रिकामं ठेवलं तर फॉर्म पुढे सरकेना. खाली एक 'इतर' होतं आणि शेजारी लिहायला जागा. त्याने विचार केला आणि बाईंना सांगितलं, लिहा. गाव, तालुका, जिल्हा भरूच, पिनकोड. बाईंनी पिनकोडसुद्धा लिहिला. फॉर्म पुढे सरकला.

मग वादकाचं पूर्ण नाव. बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागल्या. आता तरी सांग, म्हणाल्या, इथे लागतंय. मी सांगितलं. आडनावासकट. त्यांनी एकेक अक्षर लिहिलं, परत वाचलं आणि म्हणाल्या, "पुढे?"

एवढंच. पुढचा रकाना.

दोन-अडीच महिने काही आलं नाही. मी रोज घाबरत होतो, तो रोज गात होता. मग एका दुपारी बाईंचा शेठच्या फोनवर फोन, दोघांना पाठवा. गाणं शेवटच्या फेरीत गेलं होतं. त्यांच्याकडे एका मोठ्या सभागृहात पडद्यावर दाखवलं, लोकांनी ऐकलं. बक्षीस दुसऱ्या एका मुलीला मिळालं, तिचं गाणंही बाईंनी आम्हाला ऐकवलं, फार चांगलं होतं. परीक्षकांनी आमच्यासाठी एक पत्र पाठवलं होतं. बाईंनी ते आधी गुजरातीत वाचलं, मग माझ्यासाठी मराठीत. गाण्याबद्दल चार चांगले शब्द होते. आणि शेवटी एकच प्रश्न. ते थांबणारं वाद्य कोणतं, आणि ते बरोबर त्याच जागी थांबायला कसं शिकवतात?

त्याने पत्र बाईंच्या हातातून घेतलं. वरून खालपर्यंत बोट फिरवलं, मागे उलटून बघितलं. दुसरा प्रश्न कुठेच नव्हता. तो हिंचक्यावर बसला, पायाने एक झोका घेतला आणि डोळे मिटून हसला. हिंचका अजिबात करकरला नाही.

उत्तर मीच लिहावं असं ठरलं, कारण प्रश्न माझ्या हलगीचा होता. बाईंनी कागद आणि पेन दिलं. मी मराठीत लिहिलं, त्या तिकडच्या भाषेत करून पाठवणार होत्या. पहिली ओळ सोपी होती, वाद्याचं नाव हलगी, माझ्या वडिलांचं. दुसरीपाशी अडलो. कोपराचं कसं लिहायचं, ट्रेचं कसं सांगायचं, त्यांच्याकडे पॉवर प्रेस असते का. तो शेजारी बसून कागदात डोकावत होता. म्हणाला, लिही की शिकवावं लागत नाही, आठ तासांची पाळी करावी लागते.

मी तसंच लिहिलं.